यादीतलं शून्य कुठं गेलं?

बचत गटाची यादी, भिशीचा हिशेब, लग्नाच्या आमंत्रणाची नावं ही सगळी कामं आता वहीतून संगणकावर आली आहेत. आणि बहुतेक घरांत ती बाईकडंच आली आहेत! मग एके दिवशी यादी उघडावी, तर मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं. "तूच काहीतरी दाबलं असशील," असं म्हणून घरचे मोकळे! पण मैत्रिणींनो, बहुतेक वेळा दोष तुमच्या हाताचा नसतो, बरं का. तो कुठं असतो ते पाहू या.

संगणक अक्षर जाणत नाही, तो नुसते आकडे साठवतो. कोणतं अक्षर म्हणजे कोणता आकडा, हे युनिकोड ठरवतं. ते आकडे फाईलमध्ये मांडायच्या रीतीला यूटीएफ-८ म्हणतात. या रीतीत मराठीचं एकेक चिन्ह तीन खणांत बसतं. उघडताना जुनी इंग्रजी रीत धरली गेली, की प्रत्येक खणाचं वेगळं अक्षर होतं. 'जालना' शब्दात काना धरून पाच चिन्हं. त्यांची पंधरा विचित्र अक्षरं दिसतात. घाबरू नका, आतला माल शाबूत असतो. फाईल जतन न करता बंद करा आणि नोटपॅडमधून पुन्हा उघडताना 'एन्कोडिंग'पुढं यूटीएफ-८ निवडा.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. फाईल 'एएनएसआय' रीतीनं जतन झाली, की मराठी अक्षरं पुसली जातात. ती परत येत नाहीत. विंडोजचं नोटपॅड २०१९ पासून आपणहून यूटीएफ-८ धरतं. जुन्या संगणकावर मात्र जतन करताना ते आठवणीनं निवडावं लागतं.

आता रकान्यांचं. सीएसव्ही फाईलमध्ये स्वल्पविराम म्हणजे दोन रकान्यांमधली भिंत. पत्ता 'भोकरदन नाका, जालना' असा लिहिला, की त्याचे दोन तुकडे होतात आणि पुढचा फोन नंबर भलत्याच रकान्यात सरकतो. म्हणून असा पत्ता सरळ दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा.

सर्वांत फसवं काम एक्सेलचं. जालन्याचा एसटीडी कोड ०२४८२. एक्सेल त्याला संख्या समजून पुढचं शून्य टाकून देतं. बँकेचा खाते क्रमांक शून्यानं सुरू होत असेल, तर तीच गत. सोळा आकडी क्रमांक असला, तर शेवटचा आकडाच शून्य होऊन बसतो! अशा यादीवरून पैसे जमा करायचे म्हटले, तर गटातल्या एखादीचा हप्ता अडकायचा आणि बोल लागायचा तो यादी करणारीला.

तारखांचंही तसंच. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. '१/५/१९८१' असं लिहून ते अमेरिकन वळणाच्या संगणकावर उघडा. जिल्ह्याचा वाढदिवस ५ जानेवारीला! हे केवळ आपलंच दुखणं नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकी, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली.

मग करायचं काय?

एक: मूळ फाईलची एक प्रत आधी बाजूला ठेवा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायच्या आधी थोडं काढून ठेवतो ना, तसं.

दोन: शंका आली, की फाईल नोटपॅडमध्ये पाहा. ते आहे तसंच दाखवतं, स्वतःचं डोकं चालवत नाही. तिथं शून्य दिसलं, तर चूक एक्सेलच्या उघडण्यात आहे.

तीन: एक्सेलमध्ये फाईलवर दोनदा टिचकी मारू नका. 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या, यूटीएफ-८ निवडा आणि खाते क्रमांक, फोन, आधार या रकान्यांना 'टेक्स्ट' ठरवा.

चार: तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा.

आणि यादी पुढं पाठवण्याआधी पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नावाचा खाते क्रमांक पासबुकाशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. पण तेवढ्यानं कुणाचा तरी हप्ता वेळेवर जमा होईल.