दिवाळीची सुट्टी आणि शाळेची खिचडी

आमच्या शेलूबाजारकडे दिवाळी सोयाबीनच्या मागोमाग येते. सोंगणी आटोपलेली असते, थ्रेशरची धूळ अजून अंगणात असते आणि पोती ओसरीवर रचलेली. भाव बरा मिळाला तर घरोघरी तेलाची कढई चढते. चकल्या, करंज्या, अनारसे होतात. लक्ष्मीपूजनाला माणसं नव्या मालापुढेही हात जोडतात. ते हात जोडणं मला फार आवडतं. जमिनीनं दिलं, ते मान्य करणारा आमचा हा सण आहे.

मी इथल्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दुपारच्या खिचडीच्या रांगेत काही पोरं पुन्हा येऊन उभी राहतात. ही मजुरांची पोरं. आमचं सोयाबीन ज्यांनी सोंगलं, त्यांची. आई-बाप सकाळीच कापूस वेचायला नाहीतर हरभऱ्याच्या पेरणीला निघून जातात. मागे घरात भाकर असते, सोबत तिखट आणि मीठ. डाळ पडलेलं गरम जेवण त्यांना मिळतं ते शाळेत, आणि सणाच्या सुट्टीत नेमकं तेच थांबतं.

ही खिचडी म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. 2001 साली सरकारी गोदामं धान्यानं ओसंडत होती आणि दुष्काळी राजस्थानात माणसं उपाशी होती. पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयानं आदेश दिला: सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 उष्मांकांचं, वर्षातले किमान 200 दिवस. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. 2004 मध्ये याच न्यायालयानं दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं. म्हणजे सुट्टीतली भूक तेव्हाच ओळखली गेली होती.

भूक काही आमच्या गावापुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 साली जगात सुमारे 67 कोटी माणसं भुकेली होती. धान्य पिकलं नाही एवढ्यानं हे होत नाही. कुठे युद्धानं रस्ते अडवलेले असतात, कुठे पीक बुडालेलं, आणि बहुतेक ठिकाणी दुकानात माल असून विकत घ्यायला हातात पैसा नसतो. हे शेवटचं आमच्या गावातही दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर चार मुलांतलं एक उंचीच्या मानानं फार बारीक भरलं.

2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि तेल. गरिबाच्या घरी फराळ व्हावा ही इच्छा चांगलीच होती. पण माझं मागणं त्याहून साधं आहे, आणि ते एकदा करून झालेलं आहे. 2020 मध्ये कोरोनानं शाळा बंद पडल्या, तेव्हा खिचडीचे तांदूळ आणि कडधान्य आम्ही पालकांच्या हाती दिले. मोजायला वजनकाटा होता, सही घ्यायला वही होती. दिवाळीच्या सुट्टीतल्या बारा जेवणांचा हिशेब केला, तर लहान मुलाला 1 किलो 200 ग्रॅम तांदूळ लागतात. सहावी ते आठवीच्या मुलाला 1 किलो 800 ग्रॅम. वर डाळ. शाळा सुटायच्या दिवशी एवढं दप्तरासोबत घरी गेलं पाहिजे.