बोटांची खूण आणि फुप्फुसांचा दगा

थंड पाण्यांत हात घातला कीं कांहीं स्त्रियांचीं बोटें प्रथम पांढरीं, मग निळीं आणि अखेरीस लाल होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यानें १८६२ सालीं या लक्षणाचें वर्णन केलें. पुष्कळ जणींच्या बाबतींत तें निरुपद्रवी असतें. परंतु त्याच्या जोडीस सांधे सुजूं लागले, बोटें फुगलीं, जिना चढतांना धाप लागली, तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ एवढ्यावर भागवूं नये. (हें सासूबाईंनींही वाचावें.)

देहाची रक्षक शक्तीच घरच्या माणसांना चोर समजून झोडपूं लागली म्हणजे ल्यूपस, स्क्लेरोडर्मा, स्नायुदाह असे विकार उद्भवतात. ते नेहमीं वेगवेगळे येतात असें नाहीं. अमेरिकेंत गॉर्डन शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं या तिन्हींचीं लक्षणें एकत्र असलेल्या रोग्यांचा एक वर्ग निराळा काढला. त्यांच्या रक्तांत ‘यू-१ आरएनपी’विरुद्ध प्रतिपिंडें विपुल आढळतात. हा रोग सौम्य व स्टेरॉइडला चटकन् वश होणारा, अशी पहिली समजूत होती. रोगी दीर्घकाळ पाहण्यांत आले तेव्हां ती टिकली नाहीं, कारण फुप्फुसें.

वायुकोशांच्या भिंती दाहानें जाड व ताठर होतात. फुप्फुसांतील रोहिण्या अरुंद होऊन दाब वाढतो, तो अधिक भयंकर. हृदयाची उजवी बाजू त्या भारानें थकते, आणि या रोगांतील मृत्यूंचें तेंच एक प्रमुख कारण ठरलें आहे. शिवाय अन्ननलिका दुर्बळ झाल्यानें जठरांतील आम्ल रात्रीं वर चढून श्वासमार्गांत उतरतें, हें तर अनेकांच्या ध्यानांतही येत नाहीं.

आपल्याकडे कोरडा खोकला व क्ष-किरणचित्रांत छाया दिसली कीं प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती अस्थानीं नव्हे. पण क्षयजंतु कोठेंच न सांपडतां महिनोन्महिने त्याचींच औषधें चालू राहिलीं, तर मोलाचा काळ हातचा जातो. एकदां व्रण पडून ताठरलेला भाग पुन्हा मऊ होत नाहीं. साध्या चित्रांत आरंभींचा दोष दिसेलच असें नाहीं. त्यासाठीं छातीचें सूक्ष्म सी. टी. चित्र, श्वासशक्तीची परीक्षा व हृदयाचा इको करवून घ्यावा. मायकोफिनोलेटसारखीं औषधें दाह आवरतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्क्लेरोडर्माच्या रोग्यांवरील प्रयोगांत निन्टेडॅनिबनें फुप्फुसांची घसरण मंदावली. थांबली मात्र नाहीं.

घरांत करण्यासारखेंही थोडें आहे. रात्रीचें जेवण लवकर उरकावें, पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा ठेवाव्या, थंड पाण्याचीं कामें दुसऱ्या कोणीं तरी उचलावीं. आणि बरें वाटूं लागलें म्हणून स्टेरॉइड आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये.