शेतातले खत, समुद्रातली घुसमट

खत घातले की पीक जोमाने वाढते. मग तेच खत समुद्रात पोचले तर तेथील जीवसृष्टीही बहरायला हवी. पण घडते नेमके उलटे.

अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे उदाहरण घेऊ. अलास्का व हवाई वगळता त्या देशाचा सुमारे ४१ टक्के भूभाग तिच्या खोऱ्यात येतो. तेथे मक्याची अफाट शेती आहे. पिकाने न घेतलेला नत्र नायट्रेटच्या रूपात राहतो. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीचे कण ते धरून ठेवत नाहीत. त्यामुळे वसंतातील पावसाबरोबर ते नदीत आणि तेथून मेक्सिकोच्या आखातात जाते. या खताने पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, भरमसाट वाढतात.

येथे विद्यार्थी विचारतील : वनस्पती तर प्राणवायू देतात, मग तो कमी कसा पडतो? उत्तर पाण्याच्या थरांत आहे. ग्लासात मीठ घातलेले रंगीत पाणी घ्या व चमच्याच्या पाठीवरून त्यावर साधे पाणी अलगद सोडा. हलके साधे पाणी वरच राहते. आखातातही नदीचे गोडे, कोमट पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते. प्राणवायू तयार होतो तो वर. मेलेले प्लवक मात्र तळाशी जातात. त्यांचे विघटन करणारे जिवाणू तेथला प्राणवायू वापरतात, आणि झाकणामुळे नवा खाली पोचत नाही.

उन्हाळ्यातील समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळ काढतात. तळातील कृमी, शिंपले यांना पळता येत नाही, ते मरतात. हाच 'मृत पट्टा'. २०१७ च्या उन्हाळ्यात तो २२,७३० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सहापट भरला. शरद ऋतूतील वादळांनी थर मिसळले की तो ओसरतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोलवरचे, मुळातच कमी प्राणवायूचे पाणी वर येते आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते. ही घटना नैसर्गिक आहे. परंतु नद्यांतून येणाऱ्या वाढत्या नायट्रेटमुळे ती तीव्र होत असावी, असा अंदाज गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर'मध्ये मांडला. जेथे तूट आधीच आहे, तेथे थोडी भरही महाग पडते.

उपाय समुद्रात नाही, जमिनीवर आहे. माती तपासून बेताने, हप्त्याहप्त्याने खत देणे, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखणे, सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे. वाया न गेलेले खत शेतकऱ्याचा पैसाही वाचवते. आपल्या शाळेजवळचा ओढा कोणत्या नदीला आणि ती नदी कोणत्या समुद्राला मिळते, हे विद्यार्थ्यांना नकाशावर शोधायला सांगा. समुद्र आपल्यापासून किती जवळ आहे, ते त्यांना आपोआप उमगेल.