पावसाचे पाणी दारात नको, मातीत जिरवू या

जून उजाडला की आपल्या वस्त्यांत दोन गोष्टींची तयारी सुरू होते. पत्र्यावर ताडपत्री चढते आणि घरात तापाच्या गोळ्यांचे पाकीट येते. तिसरी तयारी मात्र दरवर्षी राहून जाते. ती म्हणजे दारात पडणाऱ्या पावसाला जिरायला जागा करून देण्याची. या महिन्यात आरोग्याच्या पानावर तिच्याविषयीच लिहीत आहोत.

आम्ही परिचारिका. कितीतरी पावसाळे वॉर्डात काढले आणि आता वस्त्यांतून फिरतो. केसपेपरवर रुग्णाचा पत्ता असतो. पावसाळ्यात ते पत्ते पुन्हा पुन्हा त्याच भागांचे येत: नाल्याचा काठ, उताराचा तळ, रस्ता उंच झाल्यामुळे खाली गेलेली घरे. औषध देऊन माणूस बरा होतो आणि त्याच डबक्याशेजारी परत जातो. म्हणून डबक्याचाही इलाज करायला हवा.

साचलेले पाणी काय करते?

डेंग्यू व चिकुनगुन्याचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आपल्या शहरात नळाला अनेक दिवसांनी पाणी येते, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले असतात. पावसात त्यात टायर, करवंट्या आणि फुटक्या कुंड्यांची भर पडते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा डास वेगळा, तो हत्तीरोग पसरवतो.

गटार तुंबले की मैला पिण्याच्या पाइपापर्यंत पोचतो. त्यातून जुलाब, कावीळ आणि टायफॉईड होतात. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यास पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. सफाई कामगार, हमाल, भाजी विकणाऱ्या बाया आणि शाळेत जाणारी मुले यांना हा धोका सर्वांत जास्त.

पाणी येते कुठून?

संभाजीनगरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही मोठा आकडा नाही. पण तो थोड्या दिवसांत, जोराच्या सरींनी पडतो. उत्तरेला जटवाड्याच्या डोंगरातून खाम नदी निघते, शहरातून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने याच डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. पाणचक्की आजही त्याच तंत्राची आठवण देते. पाणी आधी जमिनीत मुरते, मगच ते नहरीला मिळते, हे त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होते.

आज आपण उलट केले आहे. रस्ता काँक्रीटचा, अंगणात फरशी, गल्लीत पेव्हर ब्लॉक आणि नाल्यावर स्लॅब. मातीवर पडलेला पाऊस थांबत, मुरत जातो. काँक्रीटवर पडलेला सगळाच्या सगळा धावत सुटतो आणि खालच्या वस्तीत येऊन उभा राहतो. पाणचक्कीपासून जवळच असलेल्या नागसेनवनात झाडाखाली पावसानंतर उभे राहून पाहा. मग बाहेर डांबरी रस्त्यावर या. फरक समजायला शिक्षण लागत नाही.

खाम नदीचा कचरा-गाळ काढून काठावर झाडे लावण्याचे काम महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून गेल्या काही वर्षांत केले. लोखंडी पुलाजवळ उद्यान झाले. शहरांसाठीच्या एका जागतिक पारितोषिकाच्या अंतिम फेरीतही या कामाची निवड झाली. हे चांगलेच झाले. पण नदीचा काठ हिरवा झाला आणि नदीकडे उतरणाऱ्या वस्त्या काँक्रीटच्याच राहिल्या, तर पहिल्या मोठ्या पावसात घाण पुन्हा नदीत आणि पाणी पुन्हा घरात येणार.

समुद्राकाठची शिकवण

मुंबईत आपल्यातल्या पुष्कळांचे नातेवाईक आहेत, त्यांना हे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जमीन सपाट, त्यात भरती. समुद्राचे पाणी वर चढले की गटारांच्या तोंडातून पाणी बाहेर पडत नाही. पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. पूर्वी हे पाणी सामावून घेणारी खारफुटी, खाजणे आणि मिठी नदीचे काठ भराव टाकून आकसले होते. आता तीच महापालिका हिंदमाता भागातले पाणी साठवण्यासाठी मैदानांखाली टाक्या बांधते. आधी जागा बुजवायची आणि मग पैसे ओतून ती परत करायची, असा हा उलटा प्रवास. चीननेही २०१५ पासून १६ शहरांत पाणी शोषणाऱ्या बागा, तळी आणि सच्छिद्र रस्त्यांचा प्रयोग सुरू केला. त्याला ते स्पंजासारखे शहर म्हणतात.

टेंभुर्णीने काय केले?

इतके लांब जायचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. तिथे घरोघरी शोषखड्डे झाले, सांडपाणी गल्लीत यायचे थांबले, उघड्या गटारांची गरज संपली आणि गाव डासमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे हीच पद्धत नांदेड पॅटर्न या नावाने राज्यभर गेली. तिथे मुख्य काम सांडपाण्याचे होते, पण पत्र्यावरून पडणाऱ्या पावसालाही तीच रीत लागू पडते.

हिशेब सोपा आहे. १० बाय १५ फुटांच्या पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३५० लिटर पाणी होते. ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट खोल खड्ड्यात दगड भरले तरी दगडांच्या फटींत सुमारे ७०० लिटर पाणी मावते. म्हणजे दोन घरांच्या पत्र्यांना एक खड्डा.

खड्डा घेताना

• आपल्याकडची काळी माती पाणी हळू पिते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदावा.
• तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर वाळू असे थर द्यावेत.
• पाणी आत जाण्याआधी एक छोटी चेंबर ठेवावी. गाळ तिथे बसतो. दर मे महिन्यात ती साफ करावी.
• घराच्या पायापासून किमान १० फूट आणि विहीर वा बोअरपासून किमान ५० फूट दूर ठेवावा. शौचालयाचे पाणी त्यात कधीही सोडू नये.
• तोंड जाळीने किंवा फरशीने झाकावे. पाऊस थांबल्यावर तीन दिवसांत पाणी जिरले पाहिजे. तसे झाले तर डास होत नाही. जिरले नाही तर वरची वाळू बदलावी.
• घरे दाटीची असतील तर विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिराच्या मागे चार-पाच घरांचा मिळून एक खड्डा घ्यावा. शेजारी कडुनिंब किंवा करंज लावावा.

निधी कशात जिरतो?

आता मुख्य गोष्ट. वस्ती सुधारणेचा निधी येतो तेव्हा आपण काय मागतो? सिमेंटचा रस्ता आणि गटार. चिखलात आयुष्य गेलेल्या माणसाने पक्का रस्ता मागणे चूक नाही, तो त्याचा हक्कच आहे. पण एका रस्त्यावर दुसरा थर चढतो, घर खाली जाते आणि पावसाचे पाणी उंबऱ्यावरून आत येते. निधी सिमेंटात जिरतो आणि पाणी कुठेच जिरत नाही. म्हणून पुढचा अर्ज देताना चार गोष्टी लिहून घ्या: नवा थर देण्याआधी जुना रस्ता खरवडावा, रस्त्याच्या कडेला मातीचा पट्टा सोडावा, सामूहिक शोषखड्डे अंदाजपत्रकात धरावेत आणि नाल्यावर स्लॅब न टाकता त्याचे काठ झाडांनी बांधावेत. अर्जाची पोच घ्या. नदी सुधारण्याच्या नावाखाली काठावरच्या घरांना नोटीस आली, तर आधी पुनर्वसनाचा लेखी कागद मागा. हिरवळ गरिबाला उठवून झाली तर आजार फक्त पत्ता बदलतो.

वर्षावासात दर रविवारी आपण विहारात जमतोच. वाचन झाल्यावर पंधरा मिनिटे काढा. महिला मंडळाने आणि तरुणांनी गल्लीतून एक फेरी मारावी आणि पाणी कुठे साचते ते कागदावर काढावे. तोच कागद अर्जाला जोडावा. आधी विहाराच्या आवारात एक खड्डा घ्या. पावसात लोक डोळ्यांनी पाहतील, मग सांगावे लागणार नाही.

आजार दिसला तर

ताप, असह्य डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर आपण साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोवर वेळेत औषध मिळाले की माणूस वाचतो. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नका. जुलाब झाल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. चमचा चहाचा घ्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा: ड्रम रिकामे करून घासा आणि झाकून ठेवा.

जय भीम!