गोतावळ्यात शिरताना दीर्घिका काय गमावते?

सप्तर्षींच्या दिशेला ‘होल्मबर्ग १२४’ हा चार दीर्घिकांचा छोटा गट आहे. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचा वेध घेतला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गटातल्या एनजीसी २८२० या दीर्घिकेची तबकडी आपल्याला कडेने दिसते. तिच्यातला हायड्रोजन दक्षिणेकडे एकदम कापल्यासारखा संपतो, तर उत्तरेकडे त्याची मोठी कमान तबकडीबाहेर निघालेली आहे. यामागे शेजारणींच्या गुरुत्वाकर्षणाची ओढाताण तर आहेच. पण वाऱ्याचाही हात असावा, असं संशोधकांचं मत पडलं.

अवकाशात वारा कुठला? दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ, पण लाखो अंश तापलेला वायू असतो. त्यातून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला समोरून झोत लागतो आणि स्कूटरवरच्या मुलीची ओढणी उडावी तसा तिचा वायू मागे फरफटतो. तारे आकाराने इतके लहान आणि इतके घट्ट असतात, की या झोताचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. म्हणून तारे विस्कटलेले दिसले तर गुरुत्वाकर्षणाकडे बोट दाखवायचं. नुसताच वायू सरकला असेल तर झोताकडे. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी या झोताच्या दाबाचं गणित १९७२ मध्ये मांडलं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

वायू गमावण्याची दुसरी तऱ्हा संथ असते. दीर्घिकेभोवतीच्या विरळ आवरणातून तिला नवा वायू मिळत असतो. गटात ते आवरण गेलं की रसद तुटते. शिल्लक वायूवर काही काळ तारे जन्मतात, मग तेही थांबतं. तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असल्यामुळे आधी विझतात, लालसर तारे मागे उरतात आणि दीर्घिकेचा रंगच पालटतो.

वायू असा हरवत असल्याचा पुरावा आपल्या अंगणातही आहे. आकाशगंगेजवळच्या बहुतेक खुज्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन जवळपास उरलेलाच नाही. सुमारे १३ लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या ‘लिओ टी’ या खुज्या दीर्घिकेने मात्र तो अजून राखला आहे.

कन्या राशीतल्यासारख्या प्रचंड गुच्छांमध्ये लाल, थंडावलेल्या दीर्घिकांची गर्दी असते. त्याचं सगळं खापर गुच्छावर फोडता येत नाही. अनेक दीर्घिका तिथे आधीच्या एखाद्या गटासोबत पोहोचतात आणि त्यांच्यातला बराच वायू त्या गटातच खर्ची पडलेला असतो.