अप्रत्यक्ष खर्चाचा दर आणि त्याचे लेखापरीक्षण

सर्वांत कमी रकमेची निविदा भरणाऱ्यास काम द्यावे, हा शासकीय कंत्राटांचा रूढ संकेत होय. अमेरिकेत संघीय अनुदानातून होणाऱ्या महामार्गांच्या अभियांत्रिकी व आराखड्याच्या कामांस मात्र तो लागू नाही. १९७२ च्या ब्रुक्स कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीनुसार तेथे प्रथम योग्यतेच्या निकषावर संस्थेची निवड होते. मोबदल्याची वाटाघाट त्यानंतरची. आराखडा स्वस्त पडला परंतु पूल सदोष झाला, तर ती बचत नव्हे, हे यामागील तत्त्व. साहजिकच स्पर्धेमुळे किमतीस जो आळा बसतो, तो येथे बसत नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य बव्हंशी लेखापरीक्षणाकडे येते.

अशा संस्थेचा खर्च दोन प्रकारचा असतो. विशिष्ट प्रकल्पावर काम करणाऱ्या अभियंत्यांचे वेतन हा प्रत्यक्ष खर्च; कचेरीचे भाडे, विमा, रजेचा पगार, हिशेबनिसांचे वेतन इत्यादी सर्व प्रकल्पांस समाईक असलेला तो अप्रत्यक्ष खर्च. वर्षाच्या एकूण अप्रत्यक्ष खर्चाचे प्रत्यक्ष वेतनाशी जे शेकडा प्रमाण पडते, तोच अप्रत्यक्ष खर्चाचा दर. प्रत्येक कंत्राटात प्रत्यक्ष वेतनावर या दराने आकारणी होते.

कोणता खर्च या दरात धरावा, याचे नियम संघीय खरेदी-नियमावलीच्या ३१ व्या भागात दिले आहेत. खर्च वाजवी असला पाहिजे व कंत्राटाशी त्याचा संबंध दाखविता आला पाहिजे. मद्य, करमणूक, देणग्या, कर्जावरील व्याज व बुडीत येणी यांस त्यात स्थान नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतनही वाजवी मर्यादेपर्यंतच ग्राह्य ठरते.

परीक्षकाची खरी कसोटी मात्र याहून निराळ्या ठिकाणी लागते. समजा, एका संस्थेचे प्रत्यक्ष वेतन १० लाख डॉलर व अप्रत्यक्ष खर्च १५ लाख डॉलर आहे; म्हणजे दर १५० टक्के झाला. त्यातील १ लाखाचा खर्च अग्राह्य ठरल्यास दर १४० टक्क्यांवर येतो. आता असे समजा की, एखाद्या खासगी प्रकल्पावर खर्ची पडलेले ५० हजार डॉलरचे वेतन सामान्य कचेरीकाम म्हणून नोंदले गेले. येथे अंश वाढून १४.५ लाख होतो आणि छेद घटून ९.५ लाख राहतो. दर सुमारे १५३ टक्के होतो. निम्म्या रकमेच्या चुकीच्या नोंदीने अधिक मोठा फरक पडला, आणि खासगी कामाच्या खर्चाचा काही भार शासनावर आला.

यास्तव प्रत्येक कर्मचाऱ्याने भरावयाची टाइमशीट हा या परीक्षणाचा मूलाधार होय. मद्याचे बिल पावतीवरून ओळखता येते. परंतु अमुक अभियंता मंगळवारी कोणत्या कामावर होता, हे त्याच वेळी केलेल्या नोंदीवाचून सिद्ध करणे दुष्कर असते. नोंद कोणी केली, कोणी मंजूर केली, तीत मागाहून बदल कोणी व का केला, हे परीक्षकास पाहावे लागते.

या दक्षतेस आणखी एक कारण आहे. १९९५ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने असे ठरविले की, मुखत्यार यंत्रणेने एकदा मान्य केलेला दर इतर राज्यांनी स्वीकारावा आणि त्यावर स्वतःची कमाल मर्यादा घालू नये. त्यामुळे संस्थेस राज्याराज्यांतून पुनःपुन्हा तपासणीस तोंड द्यावे लागत नाही. परंतु एका ठिकाणी निसटलेली चूकही सर्वत्र पसरते.

दर मुद्दाम फुगविल्यास काय होते, याचे उदाहरण वाहतूक-क्षेत्राबाहेरचे असले तरी बोधप्रद आहे. इराक व अफगाणिस्तानातील पुनर्रचनेच्या कामांत अप्रत्यक्ष खर्च वाढवून दाखविल्याच्या प्रकरणी न्यू जर्सीतील लुई बर्जर ग्रुप या अभियांत्रिकी संस्थेस २०१० साली ६ कोटी ९३ लाख डॉलर भरावे लागले.

तात्पर्य, योग्यतेवर निवड करण्याची पद्धती टिकावयाची तर दर विश्वसनीय असला पाहिजे, आणि दराची विश्वसनीयता अखेर रोजच्या वेळेच्या नोंदीवर अवलंबून आहे.