मुद्रेतील चंद्रकोर

ग्रामपंचायतीचा दाखला हाती पडला की आपली नजर आधी कुठे जाते? शिक्क्यावर. शिक्का नसेल तर तो दाखला म्हणजे नुसता कागद. पण शिक्का ही केवळ खूण नव्हे. तो उठवणारा स्वतःला कोण समजतो आणि लोकांना काय वचन देतो, हेही त्यात असते.

इंग्लंडातल्या शहरांचे पाहा. तिथे शहराला ढालीच्या आकाराचे मानचिन्ह असते. ऑक्सफर्डच्या ढालीवर पाण्याच्या लाटांवरून जाणारा बैल आहे. ‘ऑक्स’ म्हणजे बैल आणि ‘फोर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडण्याचा उतार. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही चित्रावरून गावाचे नाव कळावे, अशी ही सोय.

शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवर मात्र चित्र नाही. आकार अष्टकोनी आणि आत बत्तीस अक्षरांचा एक संस्कृत श्लोक. त्या काळी दख्खनच्या दरबारांत फार्सीचा मान मोठा होता. जिजाबाईसाहेबांची मुद्राही फार्सीतच होती. तेव्हा संस्कृत निवडले, यातच वेगळेपणाची जाहिरात झाली. श्लोकाचा आशय असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे.

आता चंद्र प्रतिपदेचाच का? पौर्णिमेचा मोठा दिसला असता की नाही? पण शेतकरी जाणतो, पौर्णिमा सरली की चंद्र उतरणीला लागतो. प्रतिपदेची कोर डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी बारीक, पण तिला पुढे वाढणेच ठाऊक. मूठभर मावळ हाती असताना याहून नेमकी उपमा कोणती? आणि श्लोक संपतो तो कल्याणाच्या शब्दांवर. सत्ता कशासाठी, याचे उत्तर तिथे आहे.

हे वचन कागदावरच राहिले काय? २८ जानेवारी १६४६ चे पत्र पाहा. आजच्या भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाने बदअमल केला, म्हणजे दुर्वर्तन केले. शिवाजीराजांना तेव्हा सोळावे वर्ष चालू होते. त्यांनी पाटलास धरून आणवले, चौकशी केली, हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि पाटिलकी काढून घेतली. आजच्या कायद्याला ती शिक्षा चालणार नाही. पण गावचा वतनदारही जाब देण्यास बांधलेला आहे, हे त्या पत्राने सांगितले, आणि ते या मुद्रेच्या साक्षीने.

पत्राच्या शेवटी आणखी एक लहान शिक्का उठवीत. त्याचा अर्थ, ‘येथे मर्यादा झाली’. त्याखाली कोणी ओळ घुसडली तर लबाडी उघडी पडे. म्हणजे वरची मुद्रा अधिकार सांगे आणि खालची त्या अधिकाराची सीमा.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाचा नवा ध्वज प्रकट झाला. त्यावरची अष्टकोनी चौकट याच मुद्रेवरून घेतली आहे.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा शिक्का दाखवा. त्यावर कोणाचे नाव आहे, हे ती लगेच वाचतील. मग विचारा, हा शिक्का कोणाच्या भल्यासाठी आहे? ते उत्तर शोधताना त्यांना नागरिकशास्त्राचा पहिला धडा मिळेल.